संत जोसेफ वाझ : श्रीलंकेचे प्रेषित

ख्रिस्तसभा एक, पवित्र, कॅथलिक व प्रेषितीय आहे, ही श्रद्धा आपण दर रविवारी पवित्र मिस्सामध्ये प्रकट करतो. या चार शब्दांचा अर्थ ज्यांनी आपल्या जीवनाने उलगडून दाखविला, ते गोमंतकाचे सुपुत्र म्हणजे संत जोसेफ वाझ.

२१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे त्यांचा जन्म झाला. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १६८१ साली त्यांची नेमणूक मंगळूरच्या परिसरातील कानडा प्रांतात झाली. पोर्तुगीजांचे पाद्रुआदो व रोमची प्रोपागांडा यांच्यातील अधिकारवादामुळे तेथील श्रद्धावंत दुभंगले होते. फादर वाझ यांनी तेथे समेटासाठी मनोभावे प्रयत्न केले. ख्रिस्तसभेचे ऐक्य त्यांना मानापमानापेक्षा मोलाचे होते.

त्या काळी श्रीलंकेतील कॅथलिकांची अवस्था बिकट होती. १६५८ पर्यंत डचांनी पोर्तुगीजांना बेटावरून हुसकावून लावले आणि कॅथलिक उपासनेवर बंदी घातली. मेंढरे होती, पण मेंढपाळ नव्हते. १६८७ साली फादर वाझ मजुराच्या वेशात, अनवाणी, जाफना येथे पोहोचले. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. जपमाळेला प्रतिसाद देणारे घर कॅथलिकांचे, ही त्यांची खूण होती. रात्रीच्या अंधारात ते मिस्सा अर्पण करीत, स्नानसंस्कार देत. जवळजवळ नऊ वर्षे ते एकटेच होते.

१६९२ साली कँडी येथे पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. तेथेही त्यांची प्रार्थना व सेवा थांबली नाही. त्यांचे निर्मळ आचरण पाहून बौद्ध राजा विमलधर्मसूर्य दुसरा यांचा संशय मावळला. १६९७ साली देवीची साथ आली. आप्तांनीही टाकून दिलेल्या रुग्णांची सुश्रूषा फादर वाझ यांनी धर्म न विचारता केली. तमिळ व सिंहली जनांना त्यांनी त्यांच्याच भाषेत सुवार्ता सांगितली. बिशपपद चालून आले असता त्यांनी ते नम्रपणे नाकारले.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

चर्चची इमारत नसताना, धर्मगुरू नसतानाही श्रीलंकेतील घराघरांत ख्रिस्तसभा जिवंत राहिली होती. फादर वाझ यांनी तिला शोधून उभे केले. भव्य मंदिरे लाभलेल्या आपल्या धर्मग्रामांत ऐक्य, पावित्र्य, सर्वांविषयीचा जिव्हाळा व प्रेषितकार्याची तळमळ किती आहे, याचा विचार त्यांच्या स्मरणाने आपण अवश्य करू या.