ह्यूगो ग्रोशियस : युद्धास न्याय विचारणारा ख्रिस्ती

सन १६२१ च्या मार्च महिन्याच्या २२ व्या तारखेस हॉलंड देशातील लोवेस्टाइन नामक किल्ल्यातून शिपायांनी एक लाकडी पेटी उचलून बाहेर नेली. पेटी जेमतेम चार फूट लांबीची. तीतून किल्ल्यातील एका बंदिवान पंडितासाठी ग्रंथ येत व वाचून झालेले परत जात. आरंभी पहारेकरी ती उघडून पाहत. पुढे त्यांस कंटाळा आला. त्या दिवशी पेटी जड लागली म्हणून शिपाई कुरकुरले. पण तीत ग्रंथ नव्हते. अंग आखडून तो पंडित स्वतःच आत पडला होता! ही युक्ती त्याची पत्नी मरिया हिची. एल्शे नावाची मोलकरीण पेटीबरोबर गोरिंकेम गावापर्यंत गेली. तेथून तो गवंड्याचा वेष घेऊन अँटवर्पकडे निसटला. मरिया मात्र मागे किल्ल्यातच राहिली, व काही दिवसांनी तिची सुटका झाली. या साध्वीच्या धैर्याचे वर्णन आमच्या स्त्री-सभांत अवश्य सांगावे.

तो बंदिवान ह्यूगो ग्रोशियस होय. १५८३ साली डेल्फ्ट शहरी त्याचा जन्म झाला. अकराव्या वर्षी तो लायडनच्या विद्यापीठात गेला व सोळा वर्षांचा होण्यापूर्वीच त्याने कायद्याची पदवी घेतली. इतकी बुद्धी देवाने थोड्यांसच दिली आहे. परंतु बुद्धिमान मनुष्यास धनी लवकर भेटतो, आणि त्याचेही तसेच झाले.

१६०३ साली एका डच कप्तानाने सिंगापूरनजीक पोर्तुगीजांचे ‘सांता कातारिना’ नावाचे प्रचंड जहाज पकडले. त्यातील माल तीस लाखांहून अधिक गिल्डरांस विकला गेला. तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काही भागीदारांचे मन या पैशास शिवेना. ख्रिस्ती मनुष्याने लढाई करून मिळविलेली लूट घ्यावी काय, अशी त्यांस शंका आली. ती दूर करण्यासाठी तरुण ग्रोशियसने एक मोठा ग्रंथ लिहिला. पोर्तुगीजांचा पूर्वेकडील कारभार त्या काळी गोव्याहून चाले व पूर्वेचा समुद्र आपलाच असे ते म्हणत. समुद्र कोणा एकाचा नव्हे, व पूर्वेकडील देशांस त्यांचे स्वतःचे राजे आहेत, हे त्याने सिद्ध केले. म्हणणे खरेच होते. पण ते कंपनीच्या थैलीस सोयीचे होते, हेही विसरू नये.

पुढे हॉलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. देव तारणासाठी मनुष्यांची निवड कशी करितो, यावरून वाद पेटला आणि त्यात राज्यकारभाराचे वैर मिसळले. १६१९ साली ग्रोशियसचा वृद्ध आश्रयदाता ओल्डनबार्नेवेल्ट याचा शिरच्छेद झाला व ग्रोशियसला जन्मठेप मिळाली. कोठडीत त्याने खलाशांकरिता ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेविषयी डच भाषेत पद्यग्रंथ रचिला.

सुटल्यावर तो पॅरिसला राहिला. फ्रान्सच्या राजाने नेमणूक बांधून दिली, पण ती वेळेवर हाती पडत नसे. तेव्हा जर्मनीत १६१८ साली सुरू झालेले युद्ध चालू होते. येशूचे नाव घेणारे राजे क्षुल्लक कारणावरून किंवा कारणावाचून शस्त्र उपसीत, आणि एकदा उपसल्यावर कोणताही अपराध मोकळा समजत. हे पाहून १६२५ साली त्याने युद्ध व शांती यांच्या न्यायाविषयी आपला प्रख्यात लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला.

लढाई सर्वथा पापच, असे त्याचे मत नव्हते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांस चाकरी सोडावयास सांगितले नाही, हे त्याने दाखविले. परंतु आमच्याकडे बांधावरून तंटा झाला तर मनुष्य पंचांकडे जातो, मग कचेरीत. दोन राजांनी कोणत्या कचेरीत जावे? जेथे न्यायसभा पोहोचत नाही तेथेच युद्धाचा आरंभ, असे त्याने ठरविले. म्हणून कचेरीत जी फिर्याद टिकणार नाही तिच्यासाठी लढाईही करता येत नाही. स्वसंरक्षण, हिरावलेले परत घेणे व घोर अन्यायाचे शासन, ही कारणे त्याने मान्य केली. शेजारी बलवान होत चालला ही भीती, अधिक चांगल्या जमिनीचा लोभ, दुसऱ्याच्याच हिताकरिता त्यावर राज्य करितो ही सबब, ही सर्व त्याने नाकारिली. एखादे लोक ख्रिस्ती धर्म स्वीकारीत नाहीत एवढ्यावरून त्यांजवर शस्त्र धरू नये, असेही त्याने स्पष्ट लिहिले. धर्म तरवारीने पसरतो असा आरोप ज्यांच्या कानी पडतो, त्या आमच्या उपदेशकांनी हे ध्यानी ठेवावे. शस्त्रापूर्वी बोलणे, लवाद किंवा चिठ्ठ्या टाकणे, हे तीन उपाय त्याने सुचविले. युद्ध अन्यायाचे आहे अशी प्रजाजनाची खात्री असेल, तर राजाज्ञा असली तरी त्याने लढू नये, असे सांगण्यासही तो कचरला नाही; तोही राजाश्रयाने राहत असताना! स्त्रिया, मुले, शेतकरी व कैदी यांस वाचवावे, असा आग्रह त्याने धरिला.

त्याच्या उणिवा झाकणे बरे नव्हे. युद्धातील कैद्यांस दास करण्याची रूढी त्याने कायद्याच्या नावाखाली राहू दिली. आणि शासनासाठी युद्ध करण्याची जी मोकळीक त्याने ठेविली, तिच्या फटीतून पुष्कळ लोभी राजे आत शिरू शकत होते.

पुढे सुमारे दहा वर्षे तो पॅरिसमध्ये स्वीडनचा वकील होता. १६४५ साली स्वीडनहून परतताना त्याचे जहाज वादळात सापडले. कसाबसा किनाऱ्यास लागून तो आजारी स्थितीत रोस्टॉक शहरी पोहोचला व ऑगस्ट महिन्यात तेथेच मरण पावला. जर्मनीतील ते युद्ध आणखी तीन वर्षांनी, १६४८ साली मिटले. ज्या देशाने त्यास कोंडिले त्याच देशात, डेल्फ्टच्या मंदिरात, त्याचे शव पुरले आहे.

१८९९ साली हेग शहरी राष्ट्रांची शांतिपरिषद भरली, तेव्हा ४ जुलै रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधींनी त्या कबरेवर रुप्याची माळ ठेविली. त्या परिषदेने राष्ट्रांच्या तंट्यांकरिता लवादाचे न्यायालय स्थापिले. १९१४ च्या जुलैत सर्बियाने आपला तंटा त्याजपुढे नेण्याची तयारी दाखविली. ऑस्ट्रियाने ती मानली नाही, व तीनच दिवसांनी युद्ध पुकारिले.