रानात गेलेला माणिक, गावात परतलेले तुकडोजी

परीक्षा संपली की आपण चिखलदरा गाठतो. दोन दिवस मोबाईलला रेंज नाही, डोकं शांत, आणि सोमवारी पुन्हा कॉलेज. आमच्या भातकुलीकडे तर जंगल नाहीच. खारपाण पट्ट्यातली सपाट वावरं, त्यामुळे झाडीचं आकर्षण जरा जास्तच! पण अमरावतीपलीकडच्या यावलीचा एक पोरगा रानात गेला, तो असा दोन दिवसांसाठी नाही.

माणिक बंडोजी इंगळे. जन्म ३० एप्रिल १९०९. घरची परिस्थिती बेताची, शाळा प्राथमिकच्या पुढे गेलीच नाही. अभ्यासापेक्षा भजनात जीव जास्त. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या हे नाव दिलं. लहान वयातच गुरूंचं छत्र हरपलं आणि किशोरवयात माणिकनं घर सोडलं.

रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि चिमूरजवळची गोंदोडा गुंफा ही त्याची ठिकाणं. तिथे ध्यान व्हायचं, भजनं सुचायची. त्याला शांतता मिळाली, ती इथेच. आज कोणी असा निघून गेला, तर आपण त्याला पळपुटा म्हणू. यावलीत तेव्हा काय म्हटलं असेल, याची कल्पना करता येते.

पण तो रानात राहून गेला नाही. हातात खंजिरी घेऊन गावोगावी फिरू लागला. भजनांत देवासोबत ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यता हे विषय आले. १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. ज्या चिमूर भागातल्या झाडीत ते रमले होते, तिथल्याच लोकांना १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या भजनांनी बळ दिलं. इंग्रजांनी त्यांना अटक केली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांनी दिवस काढले.

पुढे ‘ग्रामगीता’ आली. ४१ अध्याय, आणि विषय काय, तर गाव! एकांतात घडलेल्या माणसानं सगळ्यात मोठा ग्रंथ लिहिला तो माणसांच्या गर्दीवर. ज्यानं कॉलेज पाहिलं नाही, त्याचं नाव आज नागपूर विद्यापीठाला आहे.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीत लाखो लोक जमतात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे मौन पाळतात. एवढ्या गर्दीत, क्षणभर, रानातली शांतता.

एकदा जाऊन उभे राहा. मोबाईल बंद ठेवून.