खानखानांनी सातपुड्याचा उतार ओळखला, म्हणून बुऱ्हाणपूरला पाणी मिळालं

बुऱ्हाणपूर : लालबाग भागातल्या कुंडी भंडाऱ्यात लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरलं, की भर मे महिन्यातही अंगाला गारवा लागतो. समोर दगडात खोदलेला अरुंद बोगदा आणि पायाखाली वाहतं, नितळ पाणी. इथे मोटार नाही, पंप नाही. चारशे वर्षांपासून हे पाणी फक्त उताराच्या जोरावर शहराकडे येतं आहे. हे काम ज्यांच्या कारकिर्दीत झालं, त्या अब्दुल रहीम खानखाना यांना लोक दोह्यांमुळे ओळखतात. शाळेत त्यांचे दोहे पाठ केलेली माणसं बुऱ्हाणपुरात घरोघरी आहेत. पण या कवीने आपल्या शहराला पाणी कसं दिलं, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं.

चार वर्षांचं पोरकं पोर

रहीम यांचा जन्म १७ डिसेंबर १५५६ रोजी लाहोरला झाला. वडील बैरामखान म्हणजे बाल अकबराचे पालक आणि मुघल फौजेचे सर्वेसर्वा. आई मेवातच्या घराण्यातली. पुढे बैरामखानांचं अकबराशी बिनसलं. मक्केला जायला निघालेले असताना १५६१ साली गुजरातमधल्या पाटण इथे त्यांचा खून झाला. रहीम तेव्हा अवघे चार वर्षांचे होते. अकबराने या पोराला दरबारात आणून वाढवलं, शिकवलं. तुर्की, फारसी, अरबी, संस्कृत आणि ब्रज अशा भाषा त्यांनी आपल्याशा केल्या.

१५८४ मध्ये अहमदाबादजवळ सरखेजच्या लढाईत त्यांनी गुजरातच्या मुजफ्फरशाहाला हरवलं. त्याबद्दल वडिलांचाच 'खानखाना' हा किताब त्यांना मिळाला. १५८९ मध्ये त्यांनी बाबराच्या तुर्की आत्मचरित्राचा फारसी अनुवाद अकबराला सादर केला. मग सिंध जिंकला. त्यानंतर पाळी आली दख्खनची. तिथून पुढे या माणसाचं आयुष्य तापीच्या काठाशी बांधलं गेलं ते जवळजवळ कायमचंच.

दख्खनचं दार

बुऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांनी वसवलेलं शहर. त्याला नाव मिळालं ते खुलताबादला चिरविश्रांती घेणारे सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. म्हणजे महाराष्ट्राशी नातं अगदी नावापासूनच. १५९५-९६ मध्ये अहमदनगरला मुघलांचा वेढा पडला. चांदबिबीने किल्ला राखला, पण वऱ्हाड सोडावा लागला. पुढच्याच वर्षी गोदावरीकाठी आष्टीजवळ खानखानांनी दख्खनी फौजांना मागे रेटलं. त्या लढाईत मुघलांच्या बाजूने लढताना खानदेशचा राजा अलीखान फारुकी मारला गेला. १६०० मध्ये अहमदनगर पडलं, १६०१ च्या जानेवारीत असीरगड पडला आणि बुऱ्हाणपूर मुघलांच्या दख्खनची छावणी बनलं.

छावणी मोठी झाली तशी तहानही वाढली. फौज, घोडे, हत्ती, व्यापारी, विणकर, सराया, हमामखाने. तापी शेजारी होती खरी, पण ती तटाच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात आटलेली. त्यात मलिक अंबरसारखा शत्रू. वेढा पडला तर नदीच्या पाण्यावर शहर किती दिवस तगणार? ही नुसती कल्पना नव्हती. १६२० मध्ये अंबरच्या फौजांनी खरोखरच बुऱ्हाणपूरला वेढा दिला. पण त्याच्या आधीच, १६१५ च्या सुमारास, जमिनीखालून पाणी आणण्याचं काम झालेलं होतं.

डोंगर खाली येतो, पाणी मागे राहतं

हे काम इराणी जाणकार तबकुतुल अर्ज याने केलं, असं सांगितलं जातं. या नावाचा अर्थच मुळी जमिनीचे थर असा होतो. त्यामुळे ते नाव की पदवी, अशी शंका घ्यायला जागा आहे. पण त्या माणसाने जमिनीचे थर अचूक वाचले होते, यात शंका नाही.

शहराच्या उत्तरेला सातपुडा आहे. त्याचा काळा कातळ उन्हाने तापतो, रात्री गार होतो, फटीत पाणी शिरतं, झाडांची मुळं घुसतात. वर्षानुवर्षं असं चाललं की कातळाचे तुकडे सुटतात. सुटलेला दगड जागेवर राहत नाही, गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं. खडीचा ढीग ओतला की तो ठराविक उतारापर्यंतच उभा राहतो, साधारण ३० ते ३५ अंशांपर्यंत. त्याहून उभा झाला की घसरतो. घरासमोर गिट्टीचा ट्रॉला रिकामा होताना हे कुणीही पाहू शकतं. डोंगराचंही तसंच आहे. फरक एवढाच, की डोंगरावर पाऊस पडतो. पाण्याने माती जड होते, कणांमधली पकड सुटते आणि ओहोळ ते सगळं खाली वाहून नेतात.

हेच काम एका रात्रीत झालं तर काय होतं, ते पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावाने ३० जुलै २०१४ ला भोगलं. रायगडच्या इर्शाळवाडीने २०२३ च्या जुलैमध्ये भोगलं. सातपुड्याच्या या बाजूला तेच काम हजारो वर्षं, सावकाश चालत आलं. डोंगर संपून सपाटी सुरू झाली की पाण्याचा जोर ओसरतो. मग ते आधी जड ओझं टाकतं. डोंगराच्या अगदी पायथ्याशी मोठे धोंडे, त्याच्या पुढे गोटे, मग वाळू आणि तापीच्या जवळ बारीक चिकण माती. पायथ्याच्या या पट्ट्याला भूजलवाले 'बझाडा' म्हणतात. हाच पट्टा पुढे रावेर, यावल, चोपड्यापर्यंत जातो. केळीवाल्या शेतकऱ्याला तो नावाने माहीत नसेल, पण बोअर मारताना आधी गोटे लागतात की माती, यावरून तो बरोबर ओळखतो.

धोंडे-गोट्यांच्या फटींतून पावसाचं पाणी झटकन आत मुरतं आणि उताराने पुढे सरकतं. खानखानांच्या माणसांनी हे वाहतं पाणी जमिनीच्या पोटातच अडवलं. डोंगराच्या बाजूने शहराकडे बोगदा खोदला, जवळजवळ चार किलोमीटर. बोगद्याचा उतार वरच्या जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवला. त्यामुळे पाणी आपोआप वाहतं, पण जोर करून भिंती कापत नाही. वाटेत शंभरहून जास्त कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी उभी तोंडं. त्यांतून खोदकामाची माती वर काढली, हवा खेळती राहिली, गाळ उपसायची सोय झाली. अशा एकूण आठ व्यवस्था उभ्या राहिल्या. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. जाळी करंजात जमा झालेलं पाणी तिथून खापराच्या नळांनी वस्तीत खेळवलं गेलं.

उतरती कळा

शहराला पाणी मिळालं, पण खानखानांच्या वाट्याला सुख आलं नाही. १६१९ मध्ये त्यांचा कर्तबगार मुलगा शाहनवाजखान दारूच्या व्यसनात गेला. त्याची कबर बुऱ्हाणपुरातच, उतावळी नदीकाठी आहे. पुढे शहजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा शाहजहान, बापाविरुद्ध उठला आणि खानखाना त्या ओढाताणीत सापडले. दोन्हीकडून अविश्वास पदरी आला. दुसरा मुलगा दाराबखान याचा शिरच्छेद झाला. म्हातारपणी किताब परत मिळाला, पण मुलं परत आली नाहीत. १६२७ मध्ये दिल्लीत त्यांनी देह ठेवला. पत्नी माहबानू हिच्यासाठी त्यांनीच बांधलेल्या मकबऱ्यात त्यांना पुरलं. अठराव्या शतकात त्या मकबऱ्याचे संगमरवर आणि दगड सफदरजंगाच्या कबरीसाठी उखडून नेले गेले. २०२० मध्ये त्याची दुरुस्ती पूर्ण झाली. दिल्लीतलं दगडी काम असं लुटलं गेलं, आणि बुऱ्हाणपुरातलं जमिनीखालचं काम मात्र वाहत राहिलं.

आता पाळी आपली

मार्च २०२४ मध्ये कुंडी भंडारा, म्हणजेच लोकांचा खुनी भंडारा, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला. अभिमानाची गोष्ट आहे, पण यादीत नाव आल्याने पाणी येत नाही. बोगद्याच्या भिंतींवर चुन्याचे थर चढत आहेत. खरा प्रश्न त्याहून वर, डोंगरावर आहे. सातपुड्यातली जंगलतोड गेली काही वर्षं सतत बातम्यांत आहे. झाडांची मुळं माती धरून ठेवतात, पाण्याचा वेग मोडतात. ती गेली की पाणी मुरायच्या आत धावत सुटतं आणि बारीक माती सोबत आणून गोट्यांमधल्या फटी बुजवतं. म्हणजे जे घसरणं हजारो वर्षांत पाण्याची टाकी बांधून गेलं, तेच घाईने झालं तर टाकीचं तोंड बंद करतं.

इकडे बुऱ्हाणपूर, तिकडे रावेर-यावल, दोन्हीकडे बोअर दरवर्षी खोल जातात. तापी खोऱ्यात भूजल पुनर्भरणाच्या मोठ्या योजनेसाठी १० मे २०२५ रोजी भोपाळला दोन्ही राज्यांत करार झाला. पावसाचं पाणी याच बझाडा पट्ट्यात मुरवायचं, हा तिचा गाभा. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ओळखलेल्या जागेवरच दोन्ही सरकारं पुन्हा येऊन पोचली आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला राज्याची हद्द कळत नाही. वरचा उतार झाडांनी बांधून ठेवला, तर खालचं पाणी बुऱ्हाणपूरलाही मिळेल आणि रावेरलाही. नाहीतर लिफ्टने खाली उतरणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला कोरडा बोगदा तेवढा उरेल.