गल्ल्यावरची मुलगी

ओसाकाजवळच्या साकाई गावात एक जुनं मिठाईचं दुकान होतं. कडधान्य शिजवून, गोड करून साच्यात लावलेल्या 'योकान' नावाच्या वड्यांसाठी ते प्रसिद्ध. ७ डिसेंबर १८७८ रोजी त्या घरात मुलगी जन्मली आणि वडिलांचं तोंड उतरलं. त्यांना मुलगा हवा होता. नाराजी एवढी, की तान्ह्या पोरीला काही काळ नातेवाइकांकडे ठेवलं. जपान दूरचा देश खरा, पण ही गोष्ट काही आपल्याला परकी वाटत नाही, नाही का?

मुलीचं नाव शो. अकरा-बारा वर्षांची झाल्यावर तीच दुकानाचा हिशेब बघू लागली. वडिलांचं एक मात्र चांगलं, त्यांना पुस्तकांची आवड होती. दिवसभर गिऱ्हाईकांना वड्या बांधून द्यायच्या, वही लिहायची आणि रात्री दिवा मालवेपर्यंत जेवढं जमेल तेवढं वाचायचं. तिचं सगळ्यात लाडकं पुस्तक 'गेंजीची कथा'. हजार वर्षांपूर्वी मुरासाकी शिकिबू या बाईनं लिहिलेली ही कादंबरी तिला जन्मभर पुरली.

शो कविता करू लागली आणि 'अकिको' हे टोपणनाव तिनं घेतलं. १९०० मध्ये कवी आणि संपादक तेक्कान योसानो ओसाकाला आला. त्याच्या 'म्योजो' मासिकात ती लिहीत होतीच. तेक्कानला बायको होती. तरी पुढच्या वर्षी अकिको घर सोडून तोक्योला त्याच्याकडे गेली, आणि पुढे त्यांचं लग्न झालं. चूक-बरोबर ज्याचं त्यानं ठरवावं, मला त्या पहिल्या बायकोचंही वाईट वाटतं.

त्याच १९०१ मध्ये अकिकोचं 'मिदारेगामी' म्हणजे 'विस्कटलेले केस' हे पुस्तक आलं. त्यात ३९९ तांका होत्या. शिरीष पै यांच्यामुळे हायकू आपल्या ओळखीचा झाला. तांका त्याच घराण्यातली, पण त्याहून थोरली, एकतीस मात्रांची कविता. तेवढ्याशा जागेत या बावीस वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या देहाबद्दल, ओढीबद्दल मोकळेपणानं लिहिलं. शिव्या भरपूर मिळाल्या, वाचकही भरपूर मिळाले.

१९०४ मध्ये जपानचं रशियाशी युद्ध पेटलं. तिचा धाकटा भाऊ सैन्यात होता; नुकतंच लग्न झालेला, दुकानाचा वारस. तू मरू नकोस, अशी विनवणी करणारी कविता तिनं लिहिली आणि सम्राट स्वतः काही लढायला जात नाहीत, हेही त्यात सुचवलं. एका नामवंत समीक्षकानं तिला देशद्रोही ठरवलं. ती डगमगली नाही. कवितेत मनातलं खरं तेच यायला हवं, असं उत्तर तिनं छापून दिलं.

१९०८ मध्ये 'म्योजो' बंद पडलं. तेक्कान खचला आणि घर अकिकोच्या लेखणीवर चालू लागलं. त्याला युरोपला पाठवायला पैसे हवेत म्हणून तिनं घडीच्या पडद्यांवर स्वतःच्या हातानं शंभर-शंभर कविता लिहून ते पडदे विकायला काढले! १९१२ मध्ये ती स्वतःही सैबेरियातून जाणाऱ्या रेल्वेनं पॅरिसला पोचली. तिथे शिल्पकार रोदँला भेटली. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव रोदँवरून ऑग्यूस्त ठेवलं.

अकरा मुलं तिनं वाढवली. पाळणा हलता ठेवूनच बाळंतपणाच्या कळांवर, मुलींच्या शिक्षणावर, मतदानाच्या हक्कावर लेख लिहिले. १९१८ च्या सुमाराला 'सेइतो' मासिकाची संस्थापक राइचो हिरात्सुका हिच्याशी तिचा मोठा वाद झाला. सरकारनं आईला आधार द्यावा, असं राइचोचं म्हणणं. अकिकोला ते मान्य नव्हतं. नवऱ्यावर विसंबणं काय आणि सरकारवर विसंबणं काय, दोन्ही सारखंच. बाईनं आधी आपल्या पायावर उभं राहावं. मला यात राइचोचं जास्त पटतं. सगळ्यांच्या हातात अकिकोसारखी लेखणी कुठे असते? पण घरखर्च स्वतः ओढणारी बाई असंच बोलणार, हेही कळतं.

१९२१ मध्ये तोक्योत मुलामुलींना एकत्र शिकवणारी 'बुन्का गाकुइन' ही शाळा निघाली, त्यात अकिको पुढे होती. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत शाळा जळाली आणि तिथेच ठेवलेलं, 'गेंजी'वरच्या टीकेचं तिचं वर्षानुवर्षांचं हस्तलिखितही जळून गेलं. एखादी हाय खाऊन बसली असती. ती पुन्हा कामाला लागली. १९३५ मध्ये तेक्कान वारला, तरी काम थांबलं नाही. आजच्या जपानीत 'गेंजी' नव्यानं लिहून काढून १९३९ पर्यंत तिनं ते छापून पुरं केलं.

पुढचं लिहायला जड जातं. १९३० नंतर तिचा सूर बदलला, युद्धाची भलामण करणाऱ्या कविता ती लिहू लागली. रोदँच्या नावाचा तो मुलगा, आता त्याचं नाव बदललं होतं, नौदलात अधिकारी झाला. १९४२ मध्ये तिनं त्याच्यावर कविता केली ती शौर्यानं लढ, असं सांगणारी. चाहत्यांनी याची कारणं पुष्कळ दिली आहेत. मला त्यातलं एकही पुरतं पटलेलं नाही.

पक्षाघातानं ती आधीच अंथरुणाला खिळली होती. २९ मे १९४२ ला ती गेली. जपानी बायकांनी पहिल्यांदा मत दिलं ते १९४६ मध्ये. आणि तो धाकटा भाऊ? रशियाच्या युद्धातून तो सुखरूप परतला होता, आणि साकाईचं ते दुकान त्यानंच पुढे चालवलं.