रामनाथ चोप्रा

सर रामनाथ चोप्रा (जन्म : गुजराणवाला, १७ ऑगस्ट १८८२, मृत्यू : श्रीनगर, १३ जून १९७३) हे भारतीय वैद्यक व औषधशास्त्रज्ञ होते. त्यांना भारतीय औषधशास्त्राचे जनक मानले जाते. परंपरेने चालत आलेल्या वनौषधींची प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात पद्धतशीर परीक्षा घेण्याचा पायंडा त्यांनी पाडला.

शिक्षण

चोप्रा यांचे महाविद्यालयीन शिक्षण लाहोर येथे झाले. पुढे केंब्रिज विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला. तेथे औषधशास्त्रज्ञ वॉल्टर डिक्सन यांचे मार्गदर्शन लाभल्याने ते या विषयाकडे वळले. १९०८ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी पूर्व आफ्रिकेत सेवा बजावली.

कलकत्त्यातील संशोधन

१९२१ साली कलकत्ता स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत चोप्रा औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले व पुढे संस्थेचे संचालकही झाले. त्या काळी बरीचशी औषधे परदेशातून येत आणि ती सामान्य माणसाला परवडत नसत. देशी वनस्पतींतून गुणकारी व स्वस्त औषधे मिळावीत, हा त्यांच्या संशोधनाचा हेतू होता.

मधुमेहावरील वनस्पतींचा अभ्यास हे या कामाचे उत्तम उदाहरण होय. इन्शुलिनचा शोध नुकताच लागला होता. परंतु ते महाग होते आणि टोचून घ्यावे लागे. बंगालमध्ये तेलाकुचा (रानतोंडली) या वेलीचा रस मधुमेहावर देत असत. चोप्रा व जे. पी. बोस यांनी रुग्णांवर त्याची चाचणी घेतली आणि तिचा निष्कर्ष १९२५ साली प्रसिद्ध केला. १९२८ साली गुडमार (बेडकीचा पाला) या वनस्पतीवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ही पाने चघळल्यावर काही काळ गोड चव कळत नाही, म्हणून ती साखरेचा नाश करतात अशी समजूत होती. दोन्ही वनस्पतींचा रुग्णांच्या साखरेवर उपयुक्त परिणाम चोप्रांना आढळला नाही. देशी औषधांचे कट्टर पुरस्कर्ते असूनही हा प्रतिकूल निष्कर्ष त्यांनी दडवून ठेवला नाही.

याउलट १९३० साली मुंबईच्या कृ. श्री. म्हसकर व जे. एफ. कायस यांनी गुडमारच्या पानांमुळे प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरते असे नोंदवले. त्यामुळे हा प्रश्न खुला राहिला. १९९० साली मद्रासच्या संशोधकांनी पानांच्या अर्काचे, तर २००८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी तोंडलीवर्गीय वेलीच्या अर्काचे रुग्णांवरील अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र या चाचण्या थोड्या रुग्णांवर झाल्या असून हे अर्क इन्शुलिनची जागा घेऊ शकत नाहीत.

यकृताच्या विकारांवर बंगालमध्ये घरोघरी वापरला जाणारा कालमेघ (ओलेकिराईत) चोप्रांच्या ग्रंथात नोंदलेला आहे. त्याच्या पानांतील अँड्रोग्राफोलाइड या कडू घटकाचा यकृतरक्षक गुण पुढे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आला. सर्पगंधेच्या मुळामुळे रक्तदाब उतरतो, हे चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली दाखवले. ही वनस्पती पुढे जगभर औषध म्हणून मान्य झाली.

समित्यांवरील कार्य

बाजारातील भेसळयुक्त औषधांच्या चौकशीसाठी १९३० साली नेमलेल्या समितीचे चोप्रा अध्यक्ष होते. या समितीच्या शिफारशींतून १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आकाराला आले. १९४६ साली देशी वैद्यकपद्धतींविषयी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १९४१ साली कलकत्त्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जम्मू-काश्मीरमध्ये औषधसंशोधनाचे काम चालू ठेवले.

ग्रंथ

* इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया (१९३३)
* पॉयझनस प्लांट्स ऑफ इंडिया (१९४९, सहलेखकांसह)
* ग्लॉसरी ऑफ इंडियन मेडिसिनल प्लांट्स (१९५६, सहलेखकांसह)

गौरव

ब्रिटिश सरकारने १९४१ साली चोप्रा यांना सर हा किताब दिला. भारतीय टपाल खात्याने १९८३ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.