गुळाची चव आणि नीरेकाठची माती

गूळ खारट लागला किंवा ढेप पावसाळ्याआधीच पाघळू लागली, की दोष गुळव्याला दिला जातो. काहील लवकर उतरवली, रस नीट निवळला नाही, असे म्हटले जाते. पण पुष्कळदा तो दोष गुऱ्हाळात नसतो, शेतातच असतो. बारामती-इंदापूरच्या कालव्याखालील जमिनीचा हा दोष शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी तपासला, तो पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी.

मॅन यांचा जन्म 1872 मध्ये इंग्लंडमधील यॉर्कचा. शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ. 1900 मध्ये चहामळेवाल्यांच्या संघटनेचे शास्त्रज्ञ म्हणून ते भारतात आले. एका मळ्याच्या चहाला चढा भाव, तर दुसऱ्याच्या चहाला कमी, असे का होते, हा मळेवाल्यांचा प्रश्न होता. मॅन यांनी केवळ कारखान्यातील प्रक्रिया पाहिली नाही. झुडपाची जात, माती, हवामान, खत आणि पानांची खुडणी यांचाही त्यांनी विचार केला. चहाचा दर्जा कशावर ठरतो, या विषयावरचा त्यांचा ग्रंथ 1907 मध्ये आला. त्याच वर्षी ते पुण्याला रुजू झाले.

पुणे जिल्ह्यात त्यांच्यासमोर वेगळेच कोडे होते. बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतील कोरडे तालुके. 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस उभा राहिला. काही वर्षांतच सखल रानांत पांढरा थर दिसू लागला. जमीन चिबड झाली, खारवट झाली, काही ठिकाणी पीक उगवेनासे झाले. ज्या पाण्याने समृद्धी आणली, त्याच पाण्याने जमीन जात होती.

मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून 1910 मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. यामागचे शास्त्र आज स्पष्ट आहे. खोल काळ्या मातीतून पाण्याचा निचरा हळू होतो. कालव्याचा पाझर आणि गरजेपेक्षा जास्त दिलेले पाणी यामुळे जमिनीखालची पाणीपातळी वर येते. खालचे क्षार पाण्याबरोबर चढतात, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार वर साचतात. त्यामुळे खत वाढवून उपयोग नसतो. आधी चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते, आणि मग पाणी मोजून द्यावे लागते.

अशा रानात ऊस तगला, तरी रस बदलतो. मुळांवाटे सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड रसात उतरतात. हे क्षार साखरेचे स्फटिक होऊ देत नाहीत, गुळाला खारट चव आणतात आणि हवेतला ओलावा ओढतात. म्हणून गूळ मऊ पडतो, त्याचा रवा बनत नाही. नत्र जास्त झाले किंवा तोडणीच्या तोंडावर भरपूर पाणी दिले, तरी साखर उतरत नाही. मग रंग खुलवण्यासाठी रसायनांचा मारा होतो आणि तो थेट खाणाऱ्याच्या पोटात जातो.

जातीचा वाटाही मोठा आहे. मॅन यांच्या काळात दख्खनच्या कालव्यांवर पुंड्या ऊस होता. जाड आणि रसाळ, पण लाडावलेला. पुढे 1932 मध्ये नीरेकाठीच पाडेगावला ऊस संशोधन केंद्र उभे राहिले आणि को 419 सारख्या नव्या जातींनी पुंड्याची जागा घेतली. मात्र जात कितीही चांगली असली, तरी पाणथळ जमिनीत ती आपला गुण दाखवू शकत नाही.

हाच नियम तेलबियांनाही लागू आहे. सरकीत तेल किती निघेल आणि त्यात गॉसिपॉल हा विषारी घटक किती असेल, हे वाणावर आणि हवामानावर ठरते. बी भरताना उष्णता जास्त असेल, तर तेलातील लिनोलेइक आम्लाचे प्रमाण कमी होते. घाण्यात किंवा गिरणीत माल जातो, तोवर अर्धी गुणवत्ता ठरून गेलेली असते.

मॅन यांनी शेतीबरोबर शेतकऱ्याकडेही पाहिले. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची त्यांनी पाहणी केली. 1771 मध्ये तिथे सरासरी धारणा 40 एकर होती, ती 1915 मध्ये 7 एकरांवर आली होती. एवढ्या तुकड्यातला एखादा एकर खारावला, तर घराचे काय होते, हे सांगायला दुसरा आकडा लागत नाही.

पुढे ते मुंबई इलाख्याचे कृषी संचालक झाले. 1927 मध्ये भारत सोडल्यावर इंग्लंडमधील वोबर्नच्या प्रयोगशेतावर त्यांनी दीर्घकाळ काम केले. 1961 मध्ये त्यांचे निधन झाले. नीरेच्या कालव्याला आजही पाणी येते, आणि सखल रानांना आजही आधी निचराच लागतो.