संगणकाचे कुलूप काढणारे केमेनी

‘बेसिक’ ह्या संगणकभाषेचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असते. ती कोणी घडवली, हे मात्र सहसा कोणाला सांगता येत नाही. ज्या दोघांनी ती घडवली त्यांपैकी एक म्हणजे जॉन जॉर्ज केमेनी. ते गणिती होते, हाडाचे शिक्षक होते आणि पुढे एका नामांकित महाविद्यालयाचे अध्यक्षही झाले. परंतु ज्यांचा यंत्राशी काडीचाही संबंध नाही अशा विद्यार्थ्यांना त्यांनी संगणकासमोर आणून बसवले, हे त्यांचे कार्य मला सर्वांत मोठे वाटते. कला शाखेच्या विद्यार्थ्याला तसे वाटावे ह्यात नवल ते काय!

केमेनींचा जन्म ३१ मे १९२६ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हिटलरचे सावट पसरू लागलेले पाहून वडील आधीच अमेरिकेस गेले आणि १९४० साली सारे कुटुंब न्यूयॉर्कला पोहोचले. आजोबांनी मात्र मायदेश सोडण्यास नकार दिला. नाझींच्या संहारात त्यांचा अंत झाला. परक्या देशात, परक्या भाषेत शिकणारा हा मुलगा तीनच वर्षांत शाळेत पहिला आला आणि गणित शिकण्यासाठी प्रिन्स्टन विद्यापीठात दाखल झाला.

शिक्षण चालू असतानाच लष्कराने त्यांना लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या प्रकल्पावर धाडले. तेथे रिचर्ड फाइनमन ह्यांच्या हाताखाली, भोके पाडलेली पत्रे वापरणाऱ्या यंत्रांवर आकडेमोड चाले. रात्रंदिवस पाळ्या लावूनही एकेका गणिताला आठवडे लागत. पुढे प्रिन्स्टनला परतून १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच सुमारास ते आइन्स्टाइनचे गणितातील साहाय्यक होते. केमेनींविषयी लिहिणारे बहुधा हीच गोष्ट आधी सांगतात. आपण ती एका वाक्यात आटोपून पुढे जाऊ, कारण त्यांचे खरे कार्य न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर ह्या छोट्या गावी, डार्टमथ महाविद्यालयात घडले.

तेथे ते १९५३ साली आले आणि दोनच वर्षांत गणित विभागाचे प्रमुख झाले. समाजशास्त्रे आणि जीवशास्त्र शिकणाऱ्यांना उपयोगी पडेल असे गणित निवडून त्यांनी दोन सहकाऱ्यांसह एक पाठ्यपुस्तक लिहिले. ते १९५७ साली निघाले. गणित म्हणजे मूठभर हुशारांची मिरास, ही समजूतच त्यांना मान्य नव्हती.

त्या काळी डार्टमथमध्ये संगणक नव्हता. केमेनींचे सहकारी टॉमस कुर्ट्झ पत्र्यांची पेटी घेऊन आगगाडीने एम.आय.टी.पर्यंत जात. पेटी तेथील कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन करायची आणि निकालाची वाट पाहायची. एखादा स्वल्पविराम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! मोठ्या संस्थांतही फारशी निराळी स्थिती नव्हती. संगणक बंद खोलीत असे. बाहेरच्याने खिडकीतून पत्रे द्यायचे आणि निमूट निघून जायचे.

केमेनी आणि कुर्ट्झ ह्यांनी सरळ हिशेब मांडला. डार्टमथमधील विज्ञान आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी सुमारे एक चतुर्थांश. बाकीचे साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र शिकणारे. पण पुढे सरकारात आणि व्यापारात निर्णय घेणार ते ह्या बाकीच्यांपैकीच. त्यांना संगणक कळला नाही तर कसे चालेल? म्हणून तो ग्रंथालयासारखा असावा असे त्यांनी ठरवले. ग्रंथालयासारखा म्हणजे कसा, हे आपल्याला थोडे समजावून घ्यावे लागेल. कारण आपण चिठ्ठी लिहून खिडकीपाशी उभे राहणारे वाचक! त्यांच्या डोळ्यांपुढे होते ते खुल्या कपाटांचे ग्रंथालय. कोणीही यावे, हवे ते पुस्तक काढावे, कारण विचारणारा कोणी नाही आणि पैसे मागणाराही कोणी नाही.

ह्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली म्हणजे एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येणे. संगणक आपला वेळ बारीक तुकड्यांत वाटून प्रत्येकाला आळीपाळीने देतो आणि यंत्र आपल्याच एकट्यासाठी चालू आहे असे ज्याला त्याला वाटते. दुसरी म्हणजे सोपी भाषा. फोरट्रान ही तेव्हाची भाषा नवख्याला जड जाई. केमेनींनी साधे इंग्रजी शब्द घेतले: लेट, प्रिंट, इफ, देन, एंड. यंत्रणेत शिरताना ‘हॅलो’ आणि निघताना ‘गुडबाय’! हे अवघड काम पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या मदतीने झाले. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास बेसिकमधील आज्ञावल्या प्रथम चालल्या. लॉस अलामोसला वर्षभर चाललेली गणिते आता एखादा विद्यार्थी एका दुपारी सोडवू शकेल, असा हिशेब पुढे केमेनींनीच केला.

लवकरच हॅनोव्हरच्या माध्यमिक शाळेत टेलिटाइप यंत्र बसले आणि टेलिफोनच्या तारेने ते महाविद्यालयाच्या संगणकाला जोडले गेले. मग आसपासच्या राज्यांतील शाळाही जोडल्या गेल्या. शाळकरी मुलांनी त्यावर गणिते केली, खेळही लिहिले. आणि खेळ खेळण्यास केमेनींची मुळीच हरकत नव्हती. खेळता खेळता भीती जाते, हे त्यांना ठाऊक होते.

एक उणीव सांगायलाच हवी. ज्या डार्टमथमध्ये संगणक ‘सर्वांसाठी’ खुला झाला, तेथे तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता! हा दरवाजा १९७२ साली उघडला, तोही केमेनी अध्यक्ष असतानाच. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या शिक्षणाचे, संस्थेने विसरलेले व्रतही त्यांनी पुन्हा हाती घेतले. १९७० ते १९८१ ह्या अध्यक्षपदाच्या काळातही त्यांनी वर्गावर शिकवणे सोडले नाही. १९७९ साली थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रातील अपघाताची चौकशी त्यांच्याकडे आली, तेव्हा यंत्रांपेक्षा माणसांच्या चुकांवर आणि यंत्र चालवणाऱ्यांच्या अपुऱ्या शिक्षणावर त्यांच्या आयोगाने ठपका ठेवला.

बेसिकवर त्यांनी मालकी सांगितली नाही, म्हणून ती जगभर गेली. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने सुमारे अडीचशे शाळांत ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्या बीबीसी मायक्रो यंत्रांवरही बेसिकच होती. पुढे शाळाशाळांत संगणक आले. पण माझ्या शाळेत संगणकाच्या खोलीची किल्ली कचेरीत असे आणि यंत्रांवर वर्षभर कापडी आच्छादन! यंत्र खरेदी करणे आणि ते मुलांच्या हाती देणे ह्यांतले अंतर केमेनींनी १९६४ सालीच ओळखले होते.

२६ डिसेंबर १९९२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी केमेनींचे निधन झाले. कुर्ट्झ २०२४ साली गेले. न्यू हॅम्पशायर राज्याने २०१९ साली हॅनोव्हरजवळ रस्त्याच्या कडेला बेसिकच्या जन्माची माहिती देणारा फलक उभारला आहे. सहसा असे फलक लढायांचे किंवा जुन्या वाड्यांचे असतात.